भावजींची अठरा तारीख

या जिल्ह्यात घड्याळाला कुणाचा धाक असेल तर तो माझ्या धाकट्या दिरांचा. अख्ख्या आयुष्यात ते दोनदाच उशिरा पोचले. पहिल्यांदा जन्माला येताना. सासूबाई सांगायच्या की दाईने सांगितलेला दिवस उलटून पंधरवडा झाला तरी हे पोर बाहेर यायचं नाव घेईना, आणि आलं तेव्हा दाई कंटाळून दुसऱ्या बाळंतिणीकडे निघून गेली होती. त्या पंधरा दिवसांची भरपाई भावजी सत्तर वर्षं करत आले आहेत. दुसऱ्यांदा ते उशिरा पोचले ते माझ्यापायी. ते मी शेवटी सांगेन, कारण माणूस काय आहे ते कळल्याशिवाय त्या उशिराची किंमत कळायची नाही.

लग्नाला ते मांडववाल्याच्या आधी पोचतात आणि मग नुसतं बसवत नाही म्हणून खांब धरायला लागतात. रविवारी चर्चचं दार उघडायच्या आधी पायरीवर बसलेले असतात, आणि पाळकसाहेब आले की घड्याळाकडे बघून मगच "जय ख्रिस्त" म्हणतात. एसटीला तासभर आधी उभे राहतात, त्यामुळे त्यांना पुष्कळदा आधीचीच गाडी मिळते, आणि मग जिथे जायचं तिथेही ते तासभर आधी जाऊन उभे राहतात. एकदा तर आमच्याच नात्यातला एक म्हातारा गेल्याचा निरोप त्यांनी अर्धाच ऐकला आणि मयतीला इतक्या लवकर पोचले की म्हातारा अजून जिवंत होता. त्याच्याच हातचा चहा पिऊन परत आले. तो म्हातारा पुढे चार वर्षं जगला आणि चारही वर्षं भावजींशी बोलला नाही.

त्यांना नोकरीसुद्धा तशीच लागली. तिसगावच्या बाजाराला जायला अर्धा तास लागतो एवढ्या अंतरावर आमचं गाव. आमच्या गावातल्याच मिशनच्या शाळेत ते चौतीस वर्षं शिपाई होते. शाळेच्या लिंबाला रुळाचा एक तुकडा टांगलेला होता, त्यावर लोखंडी दांड्याने टोल द्यायचा आणि दुसरा टोल झाला की फाटक लावायचं, हे त्यांचं काम. फाटक लागल्यावर येणाऱ्या पोराने पहिला तास संपेपर्यंत बाहेर उभं राहायचं. पोरं रडायची, कुणाची आई आजारी असायची, कुणाचा बाप पिऊन आलेला असायचा. भावजींचं एकच उत्तर असायचं, "कारन सांगू नको. उभा ऱ्हा." एकदा हेडमास्तरांच्या सायकलीचं चाक बसलं आणि ते फाटकापाशी पोचेपर्यंत दुसरा टोल झाला. हेडमास्तर पस्तीस मिनिटं बाहेर उभे राहिले. चांगला माणूस होता. माझा थोरला तिसरीत असताना पहाटे आमची शेळी व्यायली आणि त्याला उशीर झाला, तर या चुलत्याने सख्ख्या पुतण्याला उन्हात उभं केलं. मी तशीच शेणाच्या हाताने शाळेत गेले आणि जे बोलायचं ते बोलले. भावजी फाटकाच्या आतून म्हणाले, "वैनी, शेळीला आनलं असतं तर आत घेतली असती. तिची चूक न्हाई." त्यानंतर पंधरा दिवस मी त्यांना वाढलं, पण बोलले नाही.

रिटायर झाले तेव्हा शाळेत विजेची घंटा आली होती. निरोपाला शाळेने शाल दिली. भावजींनी शाल घडी करून टेबलावर ठेवली आणि रुळाचा तुकडा मागितला. तो आता त्यांच्या अंगणात शेवग्याला टांगलेला आहे. शेवगा हे काही लोखंड टांगायचं झाड नव्हे, दोन फांद्या मोडल्या, पण तिसरीने तग धरला.

रिटायर झालेल्या माणसाला वेळेवर पोचायला जागा राहत नाही, आणि याचा भावजींना फार त्रास झाला. सहा महिने ते अंगणात बसून दुसऱ्यांना उशीर होताना बघायचे. मग एक दिवस पेन्शन काढायला तिसगावला बँकेत गेले आणि तिथल्या पोरीने त्यांना क्रेडिट कार्ड घेता का म्हणून विचारलं. भावजींनी आयुष्यात कुणाकडून हातउसने घेतलेले नाहीत, ते उठूनच निघाले होते. पण ती पोरगी म्हणाली, काका, आज घ्या, पैसे पुढच्या महिन्यात द्या, आणि तारखेच्या आत भरलंत तर एक रुपयासुद्धा जास्त लागत नाही. तारखेच्या आत, एवढे दोनच शब्द भावजींच्या कानात शिरले. त्यांनी सही केली. आमची एस्तेर, म्हणजे त्यांची बायको, माझी धाकटी जाऊ, मला म्हणाली, "अक्का, यांना पुन्हा शाळा लागली."

तसंच झालं. लोक कार्ड घेतात खरेदी करायला. भावजींनी घेतलं ते वेळेवर भरायला. दर महिन्याच्या अठरा तारखेला त्यांची भरायची शेवटची मुदत, तिला ते ड्यूडेट म्हणतात. ही ड्यूडेट यायची तर आधी काहीतरी घ्यायला हवं, म्हणून ते पंपावर जाऊन गाडीत पेट्रोल टाकतात. एका महिन्यात गाडी गॅरेजला होती, पेट्रोल लागलं नाही, तर माणसाचं जेवणावरून लक्ष उडालं. शेवटी वैशाखात तिसगावला जाऊन छत्री घेऊन आले. एस्तेरने कपाळाला हात लावला. "पान्यासाठी न्हाई घेतली," ते म्हणाले, "बिलासाठी घेतली."

अठराची मुदत म्हणून अठराला भरणारी जात वेगळी. भावजी तेराला भरतात. त्यांचं म्हणणं, चेक वटायला दोन-तीन दिवस लागतात, मध्ये रविवार येतो, कधी बँक बंद असते, कधी मशीन बंद असते. मोबाईलवरून भरणं त्यांना पटत नाही, कारण मोबाईलवर भरल्यावर हातात काही राहत नाही. अकराला रात्री जेवणाआधी चेक लिहायचा, बारा तारीख तो शर्टाच्या खिशात मुरवायचा, तेराला सकाळी बँकेच्या पेटीत टाकायचा आणि पेटीच्या फटीत डोळा लावून पडला का बघायचं. कमीत कमी एवढे भरले तरी चालतील असा एक वेगळा आकडा बिलावर असतो. तो आकडा भावजी अंगठ्याने झाकून बिल वाचतात. म्हणतात, पोरगं एक पाय फाटकात घालून 'मी आलो' म्हनतं, त्यातला परकार हाय हा.

एकदा काळजीच्या भरात त्यांनी एकाच बिलाचे दोन चेक टाकले. पुढच्या बिलावर आकडा उलटा आला, म्हणजे बँकच भावजींना देणं लागत होती. दुसरा कुणी असता तर पुढच्या पेट्रोलात वळते करून घेतले असते. भावजी बिल घेऊन मॅनेजरसमोर जाऊन बसले आणि त्यांनी विचारलं की माझे पैसे तुमच्याकडे आहेत, तुमची ड्यूडेट कधी आहे, आणि ती उलटली तर तुमच्यावर लेट फी किती. मॅनेजरने चहा मागवला. भावजी चहा प्यायले, पण उत्तर मिळेपर्यंत उठले नाहीत, आणि उत्तर मिळालंच नाही म्हणून बँक बंद होताना शिपायाने विनंती केल्यावर उठले. शिपायाचं त्यांनी ऐकलं, शिपाई होता म्हणून.

ही लेट फी काय ते मला वर्षभर कळलं नव्हतं. मी चौथी शिकलेली. लेट हा शब्द मी वाचला तो आमच्या चर्चमधल्या बाकांवर आणि पंख्यांवर. कुणी गेलं की घरचे बाक नाहीतर पंखा देतात आणि त्यावर रंगवून घेतात, लेट मार्थाबाई यांच्या स्मरणार्थ, लेट अमुक मास्तर यांच्या स्मरणार्थ. साठ वर्षं मी लेट मार्थाबाईच्या बाकावर बसत आले आहे. त्यामुळे भावजी एकदा म्हणाले की लेट झालं की बँक फी लावते, तेव्हा मला वाटलं, मेल्यावरसुद्धा सोडत नाहीत मेले. मी हे शेजारच्या गयाबाईला सांगितलं. गयाबाईने आळीत सांगितलं. आठवड्याच्या आत दोन म्हाताऱ्या भावजींच्या अंगणात येऊन विचारू लागल्या की आमच्या पोरांनी घेतलेलं कार्ड परत करता येतं का. भावजींनी सगळं ऐकून घेतलं, माझ्याकडे बघितलं आणि हसले. ते हसले की फक्त खांदे हलतात, आवाज येत नाही. "वैनी," ते म्हणाले, "त्या लेटला फी न्हाई. ह्या लेटला हाय. म्हनून हे लेट जास्त वंगाळ."

शेवग्यावरच्या रुळाचाही त्यांनी उपयोग काढला. तेराला सकाळी स्वतःच्या कार्डाचे तीन टोल. मग गयाबाई म्हणाली, तात्या, माझी लाईटबिलाची तारीख हुकते, तेवढी सांगत जा. लाईटबिलाचे दोन टोल सुरू झाले. मग बायकांच्या बचत गटाचा एक टोल. होता होता आळीने कॅलेंडर बघायचं सोडून दिलं. कुणी नवीन पाहुणा आला आणि हे काय वाजलं म्हणून विचारलं की माणसं सहज सांगतात, लाईटबिल वाजलं.

आणि दर महिन्याला बिलाचा लिफाफा आला की भावजी अंगणात उभं राहून त्यातली एक ओळ मोठ्याने वाचायचे. बाकीचं इंग्रजी त्यांना येत नाही, ही ओळ पाठ होती. "लेट पेमेंट चार्जेस, निल." निल म्हणजे काही नाही. गयाबाईला बरेच दिवस ते कुणाचं तरी नाव वाटत होतं. वाचून झालं की लिफाफा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जायचा. सात वर्षांचे लिफाफे होते त्या डब्यात, सगळे निल. एस्तेर म्हणायची, आमच्या लग्नाचा फोटो कुठे आहे ते विचारा त्यांना, सांगता यायचं नाही.

मागच्या वर्षी बारा तारखेला पहाटे मी न्हाणीत पडले. खुब्याचं हाड मोडलं. माझी हाक भिंतीपलीकडे भावजींना गेली, कारण ते उठून अंघोळ करून बसलेलेच होते. जीप करून त्यांनी मला नगरला नेलं. दवाखान्यात आधी डिपॉझिट भरा म्हणाले. माझा थोरला पुण्याहून निघाला होता, पोचायला दुपार होणार होती. भावजींनी पेट्रोल आणि एक छत्री यापलीकडे काही न पाहिलेलं ते कार्ड खिशातून काढलं आणि खिडकीत दिलं. मी स्ट्रेचरवरून बघत होते. ऑपरेशन झालं, पण माझा श्वास बिघडला आणि मला काचेच्या खोलीत ठेवलं. तिथले सहा-सात दिवस माझ्याकडे नाहीत. नंतर कळलं की थोरल्याने पुष्कळ सांगितलं, काका, घरी जा, मी आहे, तरी भावजी बाहेरच्या बाकड्यावरून हलले नाहीत.

मी घरी आले. दोन महिने खाटेवर, मग वॉकर. या सगळ्यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली की पलीकडून निल ऐकू येत नाही. पोस्टमन येऊन गेलेला दिसायचा, पण अंगण गप्प. एस्तेरला विचारलं तर म्हणाली, डबा कपाटावर टाकलाय आणि विचारलं की उठून जातात. खरं कळलं ते गयाबाईकडून. ती मला बघायला आली, माझा पाय दाबून बघितला आणि म्हणाली, "तुझ्या दवाखान्यापायी माझ्या लाईटबिलाला दंड बसला, म्हातारे. त्या महिन्यात टोलच न्हाई झाले." सगळ्या आळीला दंड बसला होता. मी म्हटलं, तुम्हाला भिंतीवर कॅलेंडर आहे ना. ती म्हणाली, हाय, पर त्याला आवाज कुठंय.

रविवारी थोरला आला तेव्हा मी एस्तेरकडून डबा आणवला आणि दवाखान्याच्या पुढच्या महिन्याचा लिफाफा त्याला वाचायला लावला. निलच्या जागी आकडा होता. पेट्रोलचं बिल होतं साधं, अठरा तारखेला भरायचं राहून गेलं होतं. थोरल्याला हसू आलं. भावजी दारातच होते. तो म्हणाला, काका, मला सांगायचं होतं, फोनवरून दोन मिनिटांत भरलं असतं. तरी काही बिघडलं नाही, बँकेला फोन लावू, दवाखान्याचं सांगू, सात वर्षांत पहिलाच उशीर आहे, फी माफ करतात ते. त्याने फोन काढलासुद्धा.

"ठेव तो," भावजी म्हणाले. "तुला शेळीचं कारन हुतं. घेतलं हुतं का मी आत?"

थोरल्याने फोन खिशात ठेवला. पन्नाशीचा माणूस, पण तिसरीत गेल्यासारखा उभा होता.

सोमवारी सकाळी एस्तेर वॉकर घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, अक्का, चला, मला बघवत नाही. शाळा आमच्या घरापासून दोनशे पावलं. मला ते अंतर पाऊण तासाचं वाटलं. फाटक लागलेलं होतं आणि बाहेर, जिथे ते पोरांना उभं करायचे त्याच भिंतीपाशी, भावजी उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हात मागे, नजर समोर. आतून पोरं बघत होती. एक मास्तर येऊन, आत या, खुर्चीवर बसा म्हणून गेले होते, तर त्यांना भावजींनी सांगितलं होतं की पहिला तास संपल्याशिवाय आत घेता येत नाही, नियम आहे. एस्तेर तोंडाला पदर लावून घरी परत गेली. ती हसत होती का रडत होती ते मी विचारलं नाही.

"भावजी, हे काय?"

"लेट झालो. उभा हाय."

"कुनी सांगितलं उभं ऱ्हायला?"

"मीच शिपाई हुतो न्हवं."

मी म्हटलं, चेक तुमच्या खिशात होता. दवाखान्याच्या समोर त्याच बँकेची शाखा, दारात पेटी, मी येताना जीपमधून पाहिली. रस्ता तेवढा ओलांडायचा. सहा दिवसांत एवढं जमलं नाही?

ते समोर बघतच म्हणाले, "पंधराला डॉक्टर म्हनले, आज काय ते कळंल. मी चेक घिऊन जिन्यापतूर गेल्तो. मग वाटलं, आपुन खाली गेलो अन् वर वैनी लेट झाल्या तर." त्यांनी शर्टाचा खिसा चाचपला. "दोघांतलं एक जन लेट व्हनार हुतं. मी झालो. बरं झालं."

मला रडू आलं असं मी लिहिणार नाही, कारण आलं नाही. मी म्हटलं, "टोपी घालून यायची हुती. ऊन लागंल." आणि वॉकर भिंतीला टेकवून त्यांच्या शेजारी उभी राहिले. पाय दुखत होता, लगेच परत चालवलं नसतं. रस्त्याने जाणारे दोघे-तिघे थांबले, पण भावजींचा चेहरा बघून पुढे गेले. आतमध्ये पोरं पाढे म्हणत होती. या भिंतीपाशी माझं पोर उभं होतं तेव्हा मी किती तोंड टाकलं होतं ते मला आठवत होतं, आणि त्यांनाही आठवत असावं, कारण ते थोडं सरकले आणि मला सावलीची बाजू दिली.

शेवटी विजेची घंटा झाली, ती लांबलचक, कर्कश. भावजींनी मनगट वर केलं. "दोन मिन्टं उशीर," ते म्हणाले.

"कारन इचारू नका," मी म्हटलं.

त्यांचे खांदे हलले.

मग आम्ही घरी निघालो. भावजी कधी कुणाबरोबर चालत नाहीत, ते पुढे जाऊन वाट बघतात. त्या दिवशी ते माझ्या वॉकरच्या चालीने चालले, मी एक पाऊल टाकलं की ते एक टाकायचे. वाटेतल्या चिंचेपाशी मी थांबले, तर तेही थांबले. घरी पोचायला आम्हाला फार उशीर झाला, आणि त्यांनी मनगटाकडे पाहिलं नाही.